निद्राभ्रमण : आत्मनिरीक्षणाचा इतिहास

झोपेतून पूर्णपणे जागे न होता अंथरुणावरून उठणे, चालणे आणि काही वेळा दार उघडणे, कपडे घालणे, वस्तू हलविणे यांसारख्या गुंतागुंतीच्या क्रिया करणे, या अवस्थेस निद्राभ्रमण म्हणतात. या वेळी व्यक्तीचे डोळे बहुधा उघडे असतात, वाटेतील अडथळे ती पुष्कळदा टाळते; परंतु तिच्याशी बोलले असता मिळणारे उत्तर असंबद्ध असते किंवा मुळीच मिळत नाही. प्रसंग बहुधा काही मिनिटांत संपतो आणि सकाळी त्याचे स्मरण एक तर नसते किंवा अगदी तुटक असते. हा विकार मुख्यतः बालपणी आढळतो व वयात येताना बहुतेकांच्या बाबतीत आपोआप नाहीसा होतो. थोड्या प्रौढांत तो टिकून राहतो. या विकाराच्या अभ्यासातील मूळ अडचण त्याच्या लक्षणांतच आहे. ज्वर, डोकेदुखी वा दमा यांचा रुग्ण आपला त्रास केव्हा व कशाने वाढला हे स्वतः सांगू शकतो. निद्राभ्रमी व्यक्ती मात्र आपल्याच कृतीच्या वेळी अनुपस्थित असते. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी साक्षीदार शोधण्याचा इतिहास आहे.

काही माणसे झोपेत हालचाल करतात व जागेपणी करावयाच्या अनेक गोष्टी करतात, असा उल्लेख ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) निद्रा व जागृती या विषयावरील आपल्या निबंधात केला आहे. डायोजीनीझ लेअर्शिअसच्या तत्त्वज्ञचरित्रांत झोपेत चालणाऱ्या थेऑन नावाच्या स्टोइकाचा आणि झोपेत घराच्या छपरावर फिरणाऱ्या पेरिक्लीझच्या गुलामाचा निर्देश येतो. हे सारे ऐकीव आहे. स्वतःच्या अनुभवाची पहिली महत्त्वाची नोंद वैद्यकाचार्य गेलेन (इ. स. १२९–सु. २१६) याची होय. स्नायूंच्या हालचालींवरील ग्रंथात तो सांगतो, की माणूस झोपेत चालू शकतो या गोष्टीवर आपला विश्वास नव्हता. पण एकदा रात्रभर चालण्याचा प्रसंग आला असता आपण सु. एक स्टेडियम, म्हणजे दोनशे मीटरांहून थोडे कमी अंतर, स्वप्न पाहत झोपेतच चाललो आणि दगडाला ठेच लागून जागे झालो. ज्याला आज निद्राभ्रमण म्हणतात तेच हे होते काय, याविषयी शंका घेता येईल. कारण गेलेन अंथरुणावरून उठला नव्हता, चालता चालता झोपी गेला होता. तथापि या छोट्या हकीकतीत पुढील सर्व आत्मनिरीक्षणाची सामग्री आहे. रात्रभराचे जागरण हे कारण, चाललेले अंतर हे माप आणि ठेचेचा दगड हा साक्षीदार. तो दगड नसता, तर गेलेनला आपण झोपलो होतो हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

साक्षीदाराचा प्रश्न शेक्सपिअरने मॅकबेथ या नाटकात (सु. १६०६) फार नेमकेपणाने हाताळला आहे. लेडी मॅकबेथच्या निद्राभ्रमणाचा प्रवेश बहुधा अपराधी मनाचे चित्रण म्हणून वाचला जातो व ते योग्यच आहे. पण त्याची सुरुवात वैद्यकीय तपासणीची आहे. वैद्य दोन रात्री पहाऱ्यावर बसला असून त्याला काहीच दिसलेले नाही. हा प्रकार राजा रणांगणावर गेल्यापासून सुरू झाला, असा काळाचा धागा दासी पुरविते. परंतु राणी झोपेत काय बोलते हे सांगण्यास ती नकार देते, कारण तिच्या सांगण्याला दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार नाही. राणी प्रत्यक्ष येताच वैद्य तिचे शब्द टिपून घेण्याचे ठरवितो. प्रसंगाची तारीख, प्रसंगाविना गेलेल्या रात्री, पूर्वघटना आणि तत्काळ लेखन हे चांगल्या नोंदीचे चारही घटक येथे एकत्र आले आहेत. वैद्यकाने ते प्रत्यक्षात आणण्यास त्यानंतर कितीतरी पिढ्या घेतल्या.

अठराव्या शतकात निरीक्षणाला प्रयोगाची जोड मिळाली. दीद्रो यांनी संपादिलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या पंधराव्या खंडात (१७६५) निद्राभ्रमी व्यक्तीवर एक नोंद आहे. तीत बॉर्दोच्या आर्चबिशपांनी सांगितलेली, त्यांच्या धर्मविद्यालयातील एका तरुण पाद्र्याची हकीकत येते. तो रात्री झोपेत उठून प्रवचने लिहीत असे व लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचून दुरुस्त करीत असे. एका ठिकाणी त्याने एक विशेषण बदलले, तेव्हा नव्या शब्दाच्या आरंभीच्या स्वराला अनुसरून आधीच्या शब्दाला एक अक्षर जोडण्यासही तो विसरला नाही. त्याचे डोळे कामी येत आहेत काय हे पाहण्यासाठी आर्चबिशपांनी त्याच्या हनुवटीखाली पुठ्ठा धरून कागद झाकला. तरी तो लिहीतच राहिला. हकीकतीतील तपशील कितपत ग्राह्य मानावयाचा हा प्रश्न वेगळा. पुठ्ठ्याची कल्पना मात्र खऱ्या प्रयोगशील मनाची आहे. तथापि या पाद्र्याला कोणत्या रात्री उठावे लागे व कोणत्या रात्री तो स्वस्थ झोपे, हे कोणी लिहून ठेवल्याचे त्या नोंदीत दिसत नाही. निद्राभ्रमी काय करू शकतो याचे कुतूहल मोठे होते. तो कशामुळे उठतो, याचे थोडे.

पुढील काळात या विषयाची वाट चुकली. १७८४ मध्ये मार्क्वि द प्युइसेग्यूर यांनी ब्युझान्सी या गावी व्हिक्टर रास नावाच्या शेतकरी तरुणावर मेस्मर यांचे चुंबकोपचार केले असता तो झोपेसारख्या अवस्थेत जाऊन बोलू लागला. प्युइसेग्यूर यांनी या अवस्थेला कृत्रिम निद्राभ्रमण असे नाव दिले आणि नैसर्गिक विकार व संमोहनावस्था यांची पुढे दीर्घकाळ सरमिसळ झाली. जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये संमोहनाला स्वतंत्र परिभाषा दिल्यानंतरही हा घोळ लगेच संपला नाही. त्या काळातील ‘निद्राभ्रमण’ या शीर्षकाखालील ग्रंथ उघडल्यास आत बहुधा संमोहनच सापडते. जॉन पॉलिडोरी यांचा एडिंबरो विद्यापीठास सादर केलेला प्रबंध (१८१५) मात्र नैसर्गिक विकाराविषयी आहे. बायरनचे वैद्य आणि रक्तपिपासू पिशाचाच्या कथेचे लेखक म्हणून पुढे त्यांना मिळालेल्या ख्यातीत हा प्रबंध झाकला गेला.

कारणांचा प्रश्न निकडीचा झाला तो न्यायालयांत. बॉस्टन येथे १८४५ मध्ये एका स्त्रीच्या खुनाचा आरोप असलेल्या ॲल्बर्ट टिरेल याच्या बचावात रूफस चोट या नामांकित वकिलांनी निद्राभ्रमणाचा मुद्दा मांडला. आरोपी लहानपणापासून झोपेत चालत असे, अशी साक्ष त्याच्या नातलगांनी दिली आणि १८४६ मध्ये ज्यूरीने त्याची खुनाच्या आरोपातून मुक्तता केली. ग्लासगो येथील सायमन फ्रेझर याने १८७८ मध्ये झोपेत हिंस्र पशू दिसल्याच्या भ्रमात आपल्याच तान्ह्या मुलाला ठार केले. कृत्य घडले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता असे ज्यूरीने ठरविले व यापुढे रात्री एकटाच झोपेन या हमीवर त्याला सोडून देण्यात आले. कॅनडातील केनेथ पार्क्स याचे प्रकरण अलीकडचे. २४ मे १९८७ रोजी तो सु. २३ किमी. मोटार चालवीत सासुरवाडीस गेला. त्याच्या हल्ल्यात सासू मृत्यू पावली व सासरे गंभीर जखमी झाले. जुगारातील कर्जाची चिंता, त्यामुळे बिघडलेली झोप, कुटुंबातील निद्राविकारांचा इतिहास आणि मेंदूचे विद्युत् आलेख हे सर्व पुराव्यात आले. १९८८ मध्ये झालेली त्याची निर्दोष मुक्तता कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कायम केली. अशा प्रकरणांत एक गोष्ट वारंवार दिसते. आरोप झाल्यानंतर गोळा केलेली माहिती, मग ती नातलगांची असो वा तज्ज्ञांची, संशयातीत राहू शकत नाही. घटनेच्या कितीतरी आधी, कोणत्याही खटल्याची कल्पना नसताना ठेवलेली साधी रोजनोंद तिच्यापेक्षा अधिक वजनदार ठरावी. परंतु अशी नोंद ठेवण्याची प्रथाच नव्हती.

स्वतःच्या शरीराची दीर्घकाळ मोजदाद करण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. पॅड्युआचे सांतोरियो यांनी सु. तीस वर्षे तराजूला टांगलेल्या आसनावर बसून आपले वजन, अन्नपाणी व उत्सर्जन यांची तुलना केली व १६१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेच्या क्षेत्रात एकोणिसाव्या शतकातील स्वप्नाभ्यासकांनी हा मार्ग धरला. आल्फ्रेद मोरी यांनी झोपलेले असताना आपल्या नाकाशी अत्तर धरावयास, पिसाने गुदगुल्या करावयास मदतनिसाला सांगून त्यातून कोणती स्वप्ने उपजतात हे पाहिले (१८६१). एर्वे द सँ-दनी यांनी किशोरवयापासून आपली स्वप्ने लिहिली. १८६७ मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी १,९४६ रात्रींच्या नोंदी असलेल्या बावीस वह्यांचा हवाला दिला आहे. अमेरिकेतील मेरी कॅल्किन्स यांनी १८९३ मध्ये स्वतःची व एका सहकाऱ्याची मिळून ३७५ स्वप्ने आकडेवारीच्या रूपाने मांडली. ही उदाहरणे येथे देण्याचे कारण असे, की ती निद्राभ्रमणाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. स्वप्न पाहणाऱ्याजवळ सकाळी काहीतरी उरलेले असते. निद्राभ्रमी व्यक्तीजवळ मळलेले पाय, सरकलेली खुर्ची किंवा उघडे दार एवढेच उरते. त्याला स्वतःचा अभ्यास परक्याच्या घराच्या झडतीसारखा, खुणांवरून करावा लागतो.

नोंदी नसल्या, की समजुती राज्य करतात. जर्मन भाषेत निद्राभ्रमी व्यक्तीला चंद्राने पछाडलेला अशा अर्थाचा शब्द आहे व चंद्रप्रकाशाचा या विकाराशी संबंध जोडणे यूरोपभर रूढ होते. व्हिएन्नाचे मनोविश्लेषक इसिडोर साडगर यांनी १९१४ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. रात्री दिवा घेऊन मुलाला पाहावयास येणाऱ्या आईबापांची आठवण चंद्रप्रकाश जागवितो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्यांचा आधार मूठभर रुग्ण आणि काही साहित्यकृती एवढाच होता. चंद्राचा प्रभाव खरा की खोटा हे ठरविण्याआधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी होती. वीज येण्यापूर्वीच्या काळात अंधाऱ्या रात्री झोपेत चालणारा कोणाला दिसणारच नाही. पौर्णिमेच्या आसपास तो दिसेल. म्हणजे चांदणे चालण्याचे कारण नसले, तरी चालणे दिसण्याचे कारण निश्चितच होते. साक्षीदाराची सोय आणि विकाराचे कारण यांतील ही गल्लत इतर अनेक समजुतींतही आढळते.

१९२९ मध्ये हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूचे विद्युत् आलेख प्रसिद्ध केले आणि १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे मुख्यतः ठळक स्वप्नांची, निद्रावस्था वर्णिली. त्यानंतर निद्राभ्रमण हे स्वप्नाचेच प्रत्यक्ष आचरण असेल असे वाटणे साहजिक होते. १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेकबसन, केल्स व त्यांचे सहकारी यांनी निद्राभ्रमी व्यक्तींचे रात्रभराचे आलेख घेतले, तेव्हा ही अपेक्षा खोटी ठरली. प्रसंग मंदतरंगी गाढ निद्रेतून, म्हणजे मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात, उद्‌भवत होते. १९६८ मध्ये रॉजर ब्रॉटन यांनी निद्राभ्रमण, रात्रीचे भयाचे झटके इत्यादी प्रकार हे अर्धवट जागे होण्याचे विकार होत, असे प्रतिपादन केले. निद्राभ्रमी मुलाला गाढ झोपेत असता नुसते उभे केल्यानेही प्रसंग घडवून आणता येतो, हे प्रयोगात दिसून आले होते. मेंदूचा एक भाग जागा व दुसरा झोपलेला असतो, या कल्पनेला २००० साली बर्न येथे एका तरुण रुग्णाच्या प्रत्यक्ष प्रसंगात घेतलेल्या मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या चित्रणाने पुष्टी मिळाली. स्वप्नाचा संबंध मात्र सर्वस्वी तुटला नाही. प्रौढ रुग्णांची काळजीपूर्वक विचारपूस केली असता त्यांपैकी अनेकांना भिंत कोसळत आहे, मूल धोक्यात आहे अशी त्रोटक दृश्ये आठवतात.

कारणांविषयीचे आजचे ज्ञान तीन स्तरांवर मांडता येते : जन्मजात प्रवृत्ती, त्या रात्री भूमी तयार करणारी परिस्थिती आणि प्रत्यक्ष निमित्त. प्रवृत्ती आनुवंशिक असते. हॅरी बॅकविन यांनी १९७० मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून ते दाखविले; कॅनडातील क्वेबेक प्रांतातील मुलांच्या दीर्घ पाहणीत (२०१५) आईबापांपैकी कोणालाच हा विकार नसलेल्या मुलांत निद्राभ्रमणाचे प्रमाण २२·५ टक्के, एकाला असलेल्यांत ४७·४ टक्के आणि दोघांना असलेल्यांत ६१·५ टक्के आढळले. भूमी तयार करणाऱ्या गोष्टींत अपुरी झोप सर्वांत महत्त्वाची ठरते. माँट्रिऑल येथे २००८ मध्ये तीस रुग्णांना २५ तास जागे ठेवून नंतर झोपविले असता प्रयोगशाळेत नोंदलेल्या प्रसंगांची संख्या ३२ वरून ९२ वर गेली. गेलेनच्या रात्रभराच्या पायपिटीची येथे आठवण येते. ताप, मानसिक ताण, काही झोपेच्या गोळ्या यांचाही परिणाम होतो. झोल्पिडेम व तत्सम गोळ्यांवर अशा वर्तनाविषयी ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. मद्याचा दोष परंपरेने सांगितला जातो, पण त्याला प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार तुटपुंजा आहे. निमित्त अगदी क्षुल्लक असू शकते : आवाज, कोणाचा तरी स्पर्श, भरलेले मूत्राशय किंवा घोरताना क्षणभर अडलेला श्वास. हे शेवटचे निमित्त फार काळ कोणाच्या लक्षातच आले नव्हते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत श्वसनाचा अडथळा असलेल्या मुलांवर टॉन्सिलची शस्त्रक्रिया केल्यावर त्यांचे निद्राभ्रमणही थांबल्याचे दिसून आले.

हे सर्व अनेक रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष झाले. विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत यांतील कोणते कारण लागू आहे, हे तिच्या स्वतःच्या नोंदींशिवाय कळणे कठीण असते. कारण प्रयोगशाळेत घालविलेल्या एकदोन रात्री तो प्रसंग घडतोच असे नाही. मॅकबेथमधील वैद्याचीही तीच अडचण होती. नोंदवहीत झोपण्याची व उठण्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, ताप, औषधे, मद्य, दिवसाचा ताण, झोपण्याची जागा, प्रसंगाची वेळ आणि तो कशावरून कळला, एवढे असले तरी पुरते. मात्र ती दररोज भरली पाहिजे. केवळ प्रसंग घडला त्याच दिवशी लिहिणारा माणूस आदल्या सायंकाळी उशिरा घेतलेला चहा शोधून काढतो व त्यालाच दोषी ठरवितो; तोच चहा घेऊन निवांत झोपलेल्या वीस रात्री त्याच्या वहीत नसतात. माझ्या मते रिकाम्या रात्रींची नोंद हीच या पद्धतीचा कणा आहे.

एवढे करूनही निष्कर्ष घाईने काढता येत नाही, हे कल्पित आकड्यांवरून स्पष्ट होईल. समजा, ९० रात्रींपैकी ३० रात्री झोपावयास उशीर झाला व त्यांत ६ प्रसंग घडले. उरलेल्या ६० रात्रींतही ६ प्रसंग घडले. प्रमाण २० टक्के व १० टक्के, म्हणजे दुप्पट दिसते; परंतु इतक्या थोड्या प्रसंगांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्याच प्रमाणात आणखी कित्येक महिन्यांच्या नोंदी जमल्या, तरच त्यावर विसंबता येईल. शिवाय उशीर, ताण व चहा ही त्रयी बहुधा एकाच रात्री येते, तेव्हा त्यांतील अपराधी कोण हे वही सांगू शकत नाही. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. एकाच रुग्णावर, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या क्रमाने उपचार आलटूनपालटून देण्याची शास्त्रीय पद्धत हॅमिल्टन येथील मॅक्मास्टर विद्यापीठातील गयाट व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली. तिचे तत्त्व येथेही उपयोगी पडते. मुद्दाम जागरण करून पाहण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. जिना, गच्ची व स्वयंपाकघर असलेल्या घरात त्याची किंमत जबर पडू शकते.

साक्षीदाराची उणीव अलीकडच्या उपकरणांनी काही अंशी भरून काढली आहे. हालचाल मोजणारी मनगटी यंत्रे १९७०–८० या दशकात प्रचारात येऊ लागली. पण लघवीसाठी जागेपणी उठणे आणि झोपेत उठणे यांतील भेद त्यांना कळत नाही. दारावरील घंटी व अंधारात चित्रण करणारा कॅमेरा यांची साक्ष अधिक भरवशाची ठरते. प्रसंगाच्या वेळेची नोंद निदानासही साहाय्यक होते. मिनेसोटा येथील शेंक, माहोवाल्ड व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक निराळा विकार वर्णिला. त्यात मुख्यतः वयस्क व्यक्ती स्वप्नातील मारामारी अंथरुणातच प्रत्यक्ष करते. असे प्रसंग बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात येतात व जागे केल्यास स्वप्न चांगले आठवते. हाच विकार पुढे कंपवातासारख्या रोगाचा पूर्वसूचक ठरू शकतो, म्हणून पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या प्रकाराला नुसते निद्राभ्रमण म्हणून सोडून देता येत नाही.

वेळेच्या नोंदीचा थेट उपचारासाठी उपयोग झाल्याचे उदाहरण लंडनचे ब्रायन लास्क यांचे आहे (१९८८). रात्री भयाचे झटके येणाऱ्या मुलांच्या आईबापांना त्यांनी प्रथम काही रात्री फक्त झटक्याची वेळ टिपावयास सांगितले. नंतर त्या वेळेच्या थोडे आधी मुलाला रोज पूर्ण जागे करून पुन्हा झोपवावयाचे. झटके थांबले. १९९७ मध्ये हीच रीत निद्राभ्रमी मुलांवर यशस्वी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, परंतु त्यातील मुलांची संख्या अगदी थोडी होती. प्रसंग दररात्री जवळपास ठराविक वेळी येत असेल, तरच ही रीत उपयोगी पडते. आणि तो तसा येतो किंवा नाही, हे कळण्यासाठी आधी वही भरावी लागते.